पाच ठोक्यांचं इंग्रजी

"वस्ताद, हे लिंबू पिळायचं होतं," मी म्हणालो.

"पिळलं की."

हिंदुराव वस्तादांनी मूठ उघडली. आत लिंबू नव्हतं. साल, बिया, रस आणि लिंबाचा स्वाभिमान यांची मिळून एक बारीक चटणी झाली होती.

"याला क्रश म्हणतात. मला स्क्वीज पाहिजे. रस बाहेर, लिंबू शाबूत."

"रस निघाल्यावर लिंबू शाबूत ठेवून करायचं काय?"

मी पिशवीतून पुढचं लिंबू काढलं. ते नववं होतं.

त्या वेळी मी तेवीस वर्षांचा होतो आणि गडहिंग्लजला मगदूमांच्या पिठाच्या गिरणीच्या माडीवर 'फडाफड इंग्लिश क्लासेस' चालवत होतो. पाटीवर क्लासेस अनेकवचनी होते, विद्यार्थी एकवचनी. आधी तिघे होते. त्यातल्या एकाचं लग्न ठरलं आणि दुसऱ्याला खरोखरच इंग्रजी येऊ लागल्यामुळे त्यानं क्लास सोडला. माझी पद्धत तेव्हाच संशयास्पद ठरायला हवी होती.

उरले हिंदुराव चौगुले. वय अठ्ठेचाळीस, मान आणि खांदे यांच्यामध्ये सीमारेषा नाही. तीस वर्षं त्यांनी तालमीत पैलवानांचं अंग रगडलं होतं, मुरगळलेले पाय सरळ केले होते, उतरलेले खांदे चढवले होते. मग पोरं तालीम सोडून यंत्रांच्या जिममध्ये जाऊ लागली आणि तालमीला कुलूप लागलं. वर्षभरात वस्तादांच्या हाताखाली धड असं एक अंग आलं नव्हतं. त्यामुळे ते मिळेल ते दाबत. बोलता बोलता टेबलाची कड दाबत. जिन्यातून येताना कठडा दाबत. मगदूमांची म्हैस त्यांना पाहिली की आपण होऊन मान पुढे करायची.

"हात रिकामा ऱ्हायला की मानूस कडू हुतो, मास्तर," ते म्हणायचे. "बायको म्हनती, तुमी झोपेत उशी रगडताय. आता उशी काय मला दुवा देनार हाय?"

आणि मग ते पत्र आलं. वेंगुर्ल्याच्या पुढे समुद्रकाठी एक नवं रिसॉर्ट निघालं होतं. तिथं परदेशी पाहुणे येणार होते आणि त्यांच्या अंगाला मालिश करायला माणूस हवा होता. वस्तादांनी कुणाकडून तरी अर्ज भरून टाकला होता. पत्रात लिहिलं होतं, की सोमवारी प्रात्यक्षिक परीक्षा होईल. रिसॉर्टच्या डॉक्टरबाई सूचना इंग्रजीत देतील, उमेदवारानं त्या बरोबर पाळून दाखवायच्या. जागा एकच.

पत्र हातात पडलं तेव्हा मंगळवार होता. म्हणून मी बाजारातून एक पिशवीभर इंग्रजी विकत आणलं होतं.

"बघा वस्ताद. हे घंटीचं बटण. यावर बोट ठेवून नुसतं दाबायचं. हे प्रेस. खालची हातगाडी ढकलायची, ते पुश. लिंबू दोन्ही बाजूंनी आवळायचं, ते स्क्वीज. कणीक तिंबायची, ते नीड. लसूण ठेचायचा, तो क्रश. टोमॅटोवर पाय पडला, तो स्क्वॉश. शेवटची दोन माणसावर करायची नाहीत. कुणी म्हणालंच तर हात वर करून मागं सरकायचं."

वस्तादांनी पिशवीत डोकावून पाहिलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"आमच्यात दाबनं हाय, चेपनं हाय, रगडनं हाय, चोळनं, मळनं, तिंबनं, पिळनं, चुरनं, कुस्करनं, चिरडनं हाय. गोऱ्यांचं सहावर भागतंय?"

"त्यांच्यातही पुष्कळ आहेत. परीक्षेला एवढेच."

"मग सोपं हाय," असं म्हणून त्यांनी दहाव्या लिंबाची चटणी केली.

दुसऱ्या दिवशी मी लिंबं बंद केली आणि स्वतः झोपलो. म्हणजे बाकावर पालथा. मी शब्द उच्चारायचा आणि वस्तादांनी तो माझ्या पाठीवर करून दाखवायचा, अशी योजना होती. योजनेत एकच अडचण होती आणि ती खाली होती. दुपारी दोनला मगदूम गिरणी चालू करायचे. गिरणी चालू झाली की माडी थरथरायची, फळ्यावरचा खडू आपोआप खाली यायचा आणि माणसाला स्वतःचा विचारसुद्धा ऐकू यायचा नाही.

"प्रेस!" मी बाकात तोंड खुपसून ओरडलो.

"काय?"

"प्रेस! प्रेस!"

"पीठ? पीठ खाली मिळतंय!"

म्हणून मी बोटाच्या पेरानं बाकावर एक ठोका मारला. गंमत म्हणजे ते त्यांना कळलं. वस्तादांचा गुडघा बाकाला टेकलेला असायचा. लाकडातून ठोका सरळ त्यांच्या अंगात जायचा. मग आमचं ठरलं. एक ठोका म्हणजे प्रेस, दोन म्हणजे पुश, तीन म्हणजे स्क्वीज, चार म्हणजे नीड. पाच म्हणजे क्रश किंवा स्क्वॉश, हात वर. शब्द मी म्हणायचोच, पण जोडीला ठोका द्यायचो. पाठांतराला आधार म्हणून.

शुक्रवारपर्यंत वस्ताद एकदाही चुकेनासे झाले. तीन ठोके, की दोन्ही हातांची अशी नेमकी मिठी खांद्याला बसायची की माझ्या तोंडून आपोआप व्याकरणशुद्ध वाक्यं निघायची. रविवारी तर मी मुद्दाम उलटसुलट विचारलं. दोन, चार, एक, पाच, तीन. सगळं बरोबर. मी इतका खूश झालो की पाटीवर 'यशाची खात्री' असं खडूनं लिहून टाकलं.

सोमवारी सकाळी आम्ही एसटीनं निघालो. वस्तादांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. आंबोलीचा घाट संपेपर्यंत त्यांनी समोरच्या सीटचा दांडा इतका दाबला की त्या सीटवरच्या बाईंनी दोनदा मागं वळून पाहिलं.

"मास्तर, न्हाई जमलं तर?"

"जमणार."

"तसं न्हवं. न्हाई जमलं तर मी परत जाऊन कशाला हात लावू? म्हशीला?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. अशा प्रश्नांची उत्तरं माझ्या अभ्यासक्रमात नव्हती.

रिसॉर्टमध्ये पहिली गोष्ट जाणवली ती शांतता. जमीन लाकडी, भिंती जाड. मधोमध एक उंच टेबल आणि त्यावर मॅनेजर प्रभुदेसाई स्वतः पालथे झोपलेले. परीक्षेला अंग हवं म्हणून त्यांनी आपलं दिलं होतं.

"जरा सांभाळून हं," ते उशीतून म्हणाले. "उजवा हात दोन वर्षं खांद्याच्या वर जात नाही माझा. केस विंचरायला बायको लागते."

त्यांना केस नव्हते, पण ती वेळ बोलायची नव्हती.

डॉक्टरबाईंचं नाव ब्रिगिटे. साठीच्या, ताडमाड उंच, हातात कागदाचा पॅड. मी पुढे होऊन, आपण दुभाषी असल्याचं इंग्रजीत सांगितलं.

"आमचे पाहुणे दुभाषी बरोबर आणत नाहीत," त्या म्हणाल्या. "तुम्ही दाराजवळ बसा. बोलायचं नाही."

मी बसलो. लाकडी खुर्ची, लाकडी जमीन. वस्तादांनी हात धुतले, तेल चोळलं आणि तळवा प्रभुदेसाईंच्या पाठीवर ठेवला.

"प्रेस," बाई म्हणाल्या.

वस्ताद हलले नाहीत.

"प्रेस, प्लीज."

वस्तादांनी मान किंचित तिरकी केली. गिरणीच्या माडीवर ते जशी करायचे तशी. डोळे मिटलेले, गुडघा टेबलाला टेकलेला. ते वाट बघत होते.

आणि मला लख्ख कळलं. पाच दिवस मी घसा फोडून जे ओरडलो होतो त्यातला एकही शब्द त्यांच्या कानापर्यंत गेला नव्हता. कसा जाणार? खाली गिरणी होती. मी हिंदुराव चौगुल्यांना इंग्रजी शिकवलंच नव्हतं. मी त्यांना बाक शिकवला होता.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

मी खुर्चीच्या पायावर बोटाचं पेर टेकवलं आणि एक ठोका मारला.

वस्तादांचे दोन्ही तळवे सावकाश खाली उतरले. प्रभुदेसाईंच्या नाकातून एक लांब, समाधानी श्वास बाहेर पडला. बाईंनी पॅडवर काहीतरी लिहिलं.

"पुश."

ठक ठक. वस्तादांनी पाठीचा कणा धरून अंगठे कमरेकडून मानेकडे ढकलत नेले.

"स्क्वीज."

ठक ठक ठक. दंडाला मिठी बसली. प्रभुदेसाई म्हणाले, "अरे देवा," आणि ते चांगल्या अर्थानं म्हणाले.

बाईंनी दाराकडे पाहिलं. "कुणी दार वाजवतंय का?"

"नाही मॅडम," मी म्हणालो.

"मग हा आवाज?"

"लाकूड नवीन आहे, मॅडम."

बाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग पुन्हा टेबलाकडे वळल्या. एकच शब्द उरला होता. माझ्या कानशिलावरून घामाचा ओघळ निघाला. चार ठोके, मग चहा, मग घर.

"नीड," बाई म्हणाल्या.

मी बोट उचललं. तेवढ्यात बाहेरच्या व्हरांड्यात सुतारानं काम सुरू केलं.

ठक. ठक. ठक. ठक. ठक. ठक. ठक.

सात.

सातला आमच्याकडे शब्द नव्हता. वस्तादांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी जोरजोरात मान हलवली. ठक, बाहेरून आला. वस्तादांनी दाबलं. ठक ठक. त्यांनी ढकललं. प्रभुदेसाई टेबलावरून वीतभर पुढे सरकले. ठक ठक ठक ठक ठक. वस्तादांनी दोन्ही हात वर केले आणि एक पाऊल मागं गेले.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

ठक ठक ठक. वस्ताद धावत पुढे आले आणि त्यांनी पोटरी आवळली. ठक. दाबली. ठक ठक. प्रभुदेसाईंची मुंडी टेबलाबाहेर लोंबायला लागली. ठक ठक ठक ठक. आता कुठे नीड आलं, पण ते डोक्याला आलं. वस्ताद त्यांचं टक्कल कणकेसारखं तिंबत होते आणि प्रभुदेसाई खालून विचारत होते, "हे आयुर्वेदात आहे का? हे आयुर्वेदात आहे का?"

पाच. हात वर. दोन. एक. पाच. हात वर. वस्तादांच्या कपाळावर घाम, सदरा पाठीला चिकटलेला. तीस वर्षांत एवढी धावपळ त्यांनी आखाड्यातसुद्धा केली नसेल. मी खुर्चीतून अर्धा उठलो, पुन्हा बसलो. बाहेर जाऊन सुताराचा हातोडा धरावा तर परीक्षा सोडून गेल्यासारखं होईल. न धरावा तर माणूस हातचा जाईल. हा माणूस म्हणजे कोण, वस्ताद की प्रभुदेसाई, हे मला त्या क्षणी नक्की सांगता आलं नसतं.

मग सुताराच्या जोडीला दुसरा सुतार आला.

आता मोजणंच संपलं. नुसता पाऊस पडावा तसे ठोके. वस्ताद मधोमध उभे राहिले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात पसरले. माझ्याकडचं सगळं इंग्रजी संपलं होतं.

वस्तादांनी डोळे मिटले. हात सदऱ्याला पुसले. प्रभुदेसाईंना खांद्यांनी धरून टेबलावर जागच्या जागी आणलं आणि उजव्या खांद्यावर तळवा ठेवला. नुसता ठेवला. बराच वेळ. एखादं दार उघडण्याआधी आत कोण आहे याचा कानोसा घ्यावा तसे ते थांबले. ठोके चालूच होते. त्यांना ते ऐकू येत नव्हते, हे मला दिसत होतं.

मग त्यांनी अंगठा काखेच्या वर कुठेतरी रोवला, दुसऱ्या हातानं कोपर धरला आणि जे काही केलं ते दाबणं नव्हतं, ढकलणं नव्हतं, पिळणंही नव्हतं.

कट्ट!

उसाचं कांडं मोडावं तसा आवाज आला. बाहेरचे सुतारसुद्धा थांबले.

"आई गंऽ!" प्रभुदेसाई किंचाळून उठून बसले. मला वाटलं, गेला हात. आता जीप, पोलीस, सावंतवाडी. मी मनातल्या मनात जबाब इंग्रजीत द्यावा की मराठीत याचा विचार सुरू केला.

प्रभुदेसाई उजवा हात धरून रडकुंडीला आले होते. त्यांनी तो हळूच हलवला. मग खांद्यापर्यंत नेला. मग खांद्याच्या वर. मग थेट छताकडे. वर्गात उत्तर येणाऱ्या मुलासारखा ताठ.

"जातोय," ते म्हणाले.

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

त्यांनी पाच वेळा वर केला. सहाव्या वेळी दोन्ही हात वर केले आणि वस्तादांना मिठी मारली. तेलामुळे ती निसटली, म्हणून पुन्हा मारली.

बाईंनी पॅड खाली ठेवला. "याला काय म्हणतात, विचारा त्यांना."

मी विचारलं.

"ह्याला नाव न्हाई," वस्ताद म्हणाले. "ज्येला लागतंय त्येला करायचं."

मी बाईंना इंग्रजीत सांगितलं. सहा दिवसांतलं ते माझं पहिलं कामाचं वाक्य.

"आणि तुम्ही?" बाई माझ्याकडे वळल्या. "खुर्ची कशासाठी वाजवत होता?"

मी तोंड उघडलं. खरं सांगायचं मी ठरवलं होतं. पण वस्ताद टेबलाशी उभे होते आणि त्यांचे हात, वर्षभरात मी पहिल्यांदाच पाहत होतो, काहीही न दाबता शांत लोंबत होते.

"ती परंपरा आहे, मॅडम," मी म्हणालो. "मालिशवाल्याला ठोका द्यावा लागतो."

"फार जुनी?"

"फारच," मी म्हणालो. गेल्या बुधवारची होती.

बाई आणि प्रभुदेसाई कोपऱ्यात जाऊन बोलले. प्रभुदेसाई बोलताना विनाकारण उजवा हात वर करत होते. मग त्यांनी निर्णय सांगितला. वस्तादांना ठेवलं. आणि परंपरा अर्धवट नको, म्हणून मलाही.

अशा रीतीनं मी इंग्रजीचा पदवीधर असून आठ महिने ठोकेवाला होतो. मला पांढरा झब्बा आणि एक शिसवी पाट मिळाला. रिसॉर्टच्या माहितीपत्रकात 'पारंपरिक ठोक्यांसह मर्दन' अशी ओळ छापली गेली. बाई किंवा पाहुणे म्हणायचे, प्रेस. मी एक द्यायचो. म्हणायचे, पुश, मी दोन द्यायचो. हॅम्बुर्गचे एक गृहस्थ मला म्हणाले, तुमचा ठोका थेट आत्म्याला लागतो. मी आभार मानले.

पाचव्या महिन्यात मला आजऱ्याच्या हायस्कूलचं पत्र आलं. इंग्रजीचा शिक्षक म्हणून निवड झाली होती. मी ते गादीखाली ठेवलं. मी गेलो तर वस्तादांना शब्द कोण सांगणार? त्यांचे हात नुकते कुठे माणसात आले होते. शाळेनं मुदत वाढवून दिली, ते दुसरं पत्रही गादीखाली गेलं. कुणाला काही बोललो नाही. मला स्वतःबद्दल फार चांगलं वाटत होतं.

मग एका गुरुवारी मी तापानं फणफणलो. सकाळी गोळी घेऊन पडलो तो जाग आली तेव्हा घड्याळात साडेबारा. त्या दिवशी पाच पाहुणे होते. मी तसाच झब्बा अडकवून, पाट काखेत मारून धावत सुटलो. डोळ्यांपुढे दिसत होतं: वस्ताद मान तिरकी करून उभे, टेबलावर खोळंबलेला गोरा माणूस, बाईंच्या हातात पेन.

दार लोटलं. आतून आवाज येत होता.

"लिट्ल मोअर स्क्वीज, मिस्टर हिंदुराव."

"येस, येस. नो क्रश, डोन्ट वरी," वस्ताद म्हणत होते. "नाऊ टर्न. स्लोली. आता बगा कसं वाटतंय, आं?"

मी दारातच उभा राहिलो. पाहुणा उठून, वाकून नमस्कार करून गेला. तो पाचवा होता. वस्ताद हात पुसत बाहेर आले आणि मला बघून पायरीवर बसले.

"ताप उतरला?"

"वस्ताद, तुम्हाला शब्द येतात?"

"येतात की."

"कधीपासून?"

"हितं आल्यावर आठवड्याभरात आल्तं. हितं कुठं गिरनी हाय? ऐकू आलं की येतंय."

"मग आठ महिने मी..." मी पाट जमिनीवर ठेवला. "मी पाहुण्यांसमोर बसून लाकूड बडवतोय!"

"झाक बडवताय."

"पण सांगायचं नाही?"

वस्तादांनी पायरीची कड दाबून बघितली आणि सोडून दिली.

"मगदूमाला फोन केल्ता मी. म्हनला, माडीवर आता मिरचीचं कांडप बसवलंय. मास्तरांची पाटी खाली ठेवलीया, हवी तर न्या म्हनावं." त्यांनी माझ्या पाटाकडे पाहिलं. "हात रिकामा ऱ्हायला की मानूस कडू हुतो, मास्तर. मला ठावं हाय ते."

समुद्राचा वारा येत होता. मला ताप होता, म्हणून डोळ्यांत पाणी येणं साहजिक होतं.

"आन् मंगळवारी तुमची गादी उनात टाकली मी," वस्ताद म्हणाले. "खाली दोन कागद घावलं. आजऱ्याचं. शिक्का हाय त्येच्यावर. सोमवार शेवटची तारीक हाय."

त्यांनी विचारलं नाही, की कुणासाठी राहिलात. त्यांनी जमिनीवरचा पाट उचलून बाजूला ठेवला, मला खांद्याला धरून पाठमोरं वळवलं आणि मागे तळवा टेकवला. बराच वेळ नुसता ठेवला.

मग बोटाच्या पेरानं त्यांनी माझ्या पाठीवर ठोके दिले. मी मोजले.

ठक. ठक.

दोन.